वर्गणी भरली, नेम राहून गेला



एक प्रसंग सांगते. कदाचित तो तुमच्याही घरातला असेल. रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. जेवणे झाली, ओटा पुसून झाला आणि सगळे टीव्हीसमोर येऊन बसले. रिमोट एकाच्या हातात, सूचना चौघांच्या. "हे लावू या का?" "नको, फार मारामारी आहे." "मग हे?" "हे मी अर्धे पाहिले आहे, मला कंटाळा येईल." चित्रे सरकत राहतात. पाऊण तास जातो. बाबा खुर्चीतच पेंगायला लागतात, भाऊ आपला मोबाईल घेऊन आत जातो आणि शेवटी आई म्हणते, "राहू दे आता, उद्या बघू." टीव्ही बंद होतो. पाहिले काहीच नाही, तरी डोळे दुखतात आणि मनात एक बारीक चिडचिड उरते.

आपण दर महिन्याला पैसे भरतो. बोटाच्या टोकाशी हजारो चित्रपट आणि मालिका आहेत. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने ज्याची कल्पनाही केली नसती, एवढी करमणूक घरात आलेली आहे. मग ही चिडचिड कसली? पैसे देऊनही समाधान का मिळत नाही?

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे आणि अभ्यास सांभाळून भाषांतराची सेवा करते. त्यामुळे हा प्रश्न मला आधी हिशेबाचा वाटला. काशीला जाऊन आल्यावर तो निराळा वाटू लागला. दोन्ही बाजू तुमच्यासमोर ठेवते.

तक्रार खरी आहे

प्रथम हे मान्य करू या, की प्रेक्षकांच्या तक्रारी खोट्या नाहीत. 'मनाला आवर घाला' असे सांगून लबाडीकडे डोळेझाक करणे हे काही अध्यात्म नव्हे.

नेटफ्लिक्स भारतात २०१६च्या जानेवारीत आले आणि त्याच वर्षाच्या शेवटी प्राइम व्हिडिओ आले. तेव्हाचे आकर्षण साधे होते. केबलपेक्षा सुटसुटीत, हवे तेव्हा पाहा, मध्ये जाहिराती नाहीत. पुढे एकेक चित्रपट, एकेक मालिका वेगवेगळ्या सेवांनी वाटून घेतली. क्रिकेट एका ठिकाणी, मराठी चित्रपट दुसरीकडे, मुलांचे कार्यक्रम तिसरीकडे. २०२३च्या जुलैत नेटफ्लिक्सने भारतात एका घराचा पासवर्ड दुसऱ्या घरात वापरण्यावर बंधन आणले. २०२३ची आयपीएल जिओसिनेमावर मोफत दाखवली गेली. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र येऊन जिओहॉटस्टार झाले आणि मोफतची सवय लागलेल्या प्रेक्षकांपुढे वर्गणीचे फलक आले. १७ जून २०२५पासून भारतातल्या प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या. त्या नको असतील तर वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये वेगळे भरायचे. जे आधी वर्गणीत येत होते, त्यासाठी आता वर आणखी पैसे.

याशिवाय सोडताना होणारा त्रास आहेच. सदस्य होण्याचे बटण मोठे आणि रंगीत, रद्द करण्याचे बटण मात्र शोधावे लागते. हा प्रकार एवढा वाढला, की ३० नोव्हेंबर २०२३ रोजी आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तेरा प्रकार सांगितले आहेत आणि 'वर्गणीचा सापळा' हा त्यांतलाच एक आहे. अमेरिकेत सप्टेंबर २०२५मध्ये ॲमेझॉनने तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. लोकांना नकळत प्राइमचे सदस्य करून घेतले आणि बाहेर पडणे अवघड ठेवले, असा आरोप होता. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण रक्कम मान्य केली.

म्हणून जिथे फसवणूक झाली असेल, तिथे गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. कार्डातून आपोआप पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास सूचना मिळालीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो संदेश न वाचता पुसू नका.

सात महिन्यांचा हिशेब

पण एवढ्याने प्रश्न संपत नाही. हे मला माझ्याच एका चुकीमुळे कळले.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका सेवेचा मोफत महिना घेतला. मैत्रिणी एका मालिकेबद्दल बोलत होत्या, ती मलाही पाहायची होती. महिना संपल्यावर बंद करू, असे ठरवले आणि विसरले. बँकेचे संदेश येत राहिले, मी ते न उघडता सरकवत राहिले. सात महिन्यांनी बाबांसोबत वर्षाचा जमाखर्च लिहायला बसले, तेव्हा तोच आकडा सात वेळा दिसला. मी तावातावाने कंपनीला नावे ठेवू लागले. रद्द करायला गेले, तर चार पडदे ओलांडावे लागले. प्रत्येक पडद्यावर 'खरंच जाणार?' अशा अर्थाचे काहीतरी लिहिलेले.

आजी शेजारी वाती वळत बसली होती. तिने सहज विचारले, "अगं, पण सात महिन्यांत पाहिलंस काय काय?"

मला उत्तर देता येईना. ती मालिका मी दोन भागांनंतर सोडली होती. यादीत मात्र एकेचाळीस नावे होती, 'नंतर पाहू' म्हणून ठेवलेली. त्यांत एक जुना कृष्णधवल मराठी चित्रपटही होता. आजीने तो तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा आजोबांबरोबर थिएटरात पाहिला होता आणि मला म्हणाली होती, "एकदा माझ्याबरोबर बघ." मी तो यादीत टाकला. यादीत टाकला म्हणजे जणू काम झाले, असेच मला वाटले होते.

कंपनीने माझे सात महिन्यांचे पैसे घेतले, हे खरे. पण ते एकेचाळीस कार्यक्रम न पाहण्याचे काम कंपनीने केले नव्हते.

आपण नेमके काय विकत घेतो?

वाणिज्याच्या वर्गात याला एक ओळखीचे उदाहरण आहे. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेतल्या व्यायामशाळांच्या सदस्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याला सत्तर डॉलरहून अधिक वर्गणी भरणारे लोक महिन्यातून सरासरी साडेचार वेळाही जात नव्हते. म्हणजे एका खेपेला त्यांना सतरा डॉलरहून अधिक पडत होते. तिथेच दहा खेपांचा पास घेतला असता, तर एक खेप दहा डॉलरला पडली असती. लोकांना गणित येत नव्हते, असे नाही. वर्गणी भरताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एक माणूस उभा होता. तो पहाटे उठणारा, रोज व्यायाम करणारा, 'उद्याचा मी' होता. वर्गणी त्या माणसाच्या नावाने भरली जात होती.

आपल्या करमणुकीच्या वर्गणीचेही असेच आहे. आपण एक चित्रपट विकत घेत नाही. आपण 'कधीही, काहीही पाहता येईल' ही शक्यता विकत घेतो. शक्यतेचा स्वभाव असा आहे, की ती हातात असते तोवर गोड वाटते आणि तिच्यातले एक निवडले, की बाकीच्या हजारांचे दुःख होते. समोर चित्रपट चालू असतो, पण मनात 'याहून चांगले काही असेल का?' हा प्रश्नही चालू असतो. मग दहाव्या मिनिटाला आपण बाहेर पडतो आणि पुन्हा शोधू लागतो.

त्यात भर अशी, की या सेवांचा खरा व्यवहार आपल्या पैशांपेक्षा आपल्या वेळेशी आहे. २०१७ साली नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी उघडपणे सांगितले होते, की आपली स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे. एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होतो, तो काही उगाच नाही. नुसत्या शोधण्यात रोज वीस मिनिटे गेली असे धरले, तरी वर्षाचे सुमारे १२१ तास होतात, म्हणजे पाच दिवस आणि पाच रात्री. या तासांची पावती कोणी देत नाही. त्यामुळे ते खर्चाच्या बाजूला कधी लिहिलेच जात नाहीत.

माझी समजूत इथवर पोचली होती. रोग कळला होता, पण उपाय काय? वर्गणी बंद केली, की मन मोकळे होते का? नाही. ते मोबाईलवरच्या दुसऱ्या कशात तरी गुंतते. उपायाची दिशा मला काशीत मिळाली, तीही अनपेक्षितपणे.

रामनगरचे नेमी

पितृपक्षात आजोबांच्या श्राद्धासाठी आई, बाबा आणि मी काशीला गेलो होतो. माझी मावशी लग्नानंतर तिथेच राहते, दुर्गाघाटाजवळच्या गल्लीत. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागात मराठी कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून आहेत. नाथमहाराजांनी आपले भागवत काशीतच पूर्ण केले, त्यामुळे आपल्याला ही गावे परकी वाटत नाहीत. विधी उरकल्यावर मावशी म्हणाली, "उद्या संध्याकाळी रामनगरला चल. पण मोबाईल पिशवीत ठेवायचा."

गंगेच्या पलीकडच्या तीरावर रामनगर आहे, काशीनरेशांचा किल्ला असलेले गाव. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून इथे रामलीला होते. आपल्याकडे गणपती विसर्जनाला निघतात, त्या अनंत चतुर्दशीला ती सुरू होते आणि एकतीस दिवस चालून कोजागरीच्या सुमारास संपते. भारतातल्या रामलीला परंपरेला युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत २००८ साली स्थान दिले. रामनगरची रामलीला त्या परंपरेतली सर्वांत नावाजलेली.

आम्ही ई-रिक्षाने सामनेघाटाला आलो आणि पूल ओलांडून पलीकडे गेलो. मी रंगमंच शोधत होते. रंगमंच नव्हताच. सगळे गावच रंगमंच होते. एका ठिकाणी अयोध्या, दुसरीकडे जनकपूर, लांब कुठेतरी पंचवटी, त्याहून लांब लंका. पात्रे चालतात आणि प्रेक्षकही त्यांच्याबरोबर चालतात. विजेचा दिवा नाही, ध्वनिक्षेपक नाही. पेट्रोमॅक्सच्या बत्त्या आणि मशाली. तिकीट नाही. बाजूला रामायणी मंडळी गोल बसून रामचरितमानस गातात. संवादाची वेळ आली, की मोठ्याने पुकारा होतो, "चुप रहो! सावधान!" आणि एवढी माणसे गप्प होतात. मागे उभे राहणाऱ्याला सगळे ऐकू येतेच असे नाही. संध्येची वेळ झाली, की लीला थांबते. लोक चणे खातात, चहा पितात आणि पुन्हा आपल्या जागी येतात. शेवटी आरती होते, पांढऱ्या प्रखर ज्योतीच्या उजेडात पाच बालमूर्तींचे चेहरे दिसतात आणि लोक घरी जातात.

खरे सांगते, पहिला तासभर मला कंटाळा आला. पाय दुखत होते. संवाद संथ होते. हात दोनदा पिशवीकडे गेला. पुढे ढकलायला इथे काही बटण नव्हते.

माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. स्वच्छ धोतर, कपाळाला गंध, अत्तराचा वास, बसायला छोटे स्टूल, मांडीवर मानसाची पोथी आणि हातात छोटी विजेरी. मावशी कानात म्हणाली, "हे नेमी आहेत." जे एकतीसही दिवस न चुकता येतात, स्नान करून, धुतलेले कपडे घालून येतात, त्यांना तिथे 'नेमी' म्हणतात.

त्या दिवशी भरत पादुका घेऊन परततो आणि नंदिग्रामी राहतो, तो प्रसंग होता. मधल्या सुट्टीत मी त्यांना हिंदीत विचारले, "दादाजी, कथा तर पाठ आहे तुम्हाला. मग रोज रोज काय पाहता?"

ते हसले. म्हणाले, "बिटिया, माझे आणि धाकट्या भावाचे दुकानावरून वाजले होते. ज्या वर्षी वाजले, त्या वर्षी हा आजचा दिवस मला नको होता. भाऊ भावासाठी राज्य सोडतो, ते कसे बघवणार? पण नेम होता, म्हणून आलो. बसलो. घरी गेल्यावर जेवण गेले नाही." थोडे थांबून म्हणाले, "दुकान नाही मिटले लगेच. पण पुढच्या वर्षी दोघे आलो. आता तो नाही. मी येतो."

तेवढ्यात पुकारा झाला आणि ते पोथीत पाहू लागले.

वाचकहो, त्या रात्री परत येताना मी याच गोष्टीचा विचार करत होते. त्यांच्या हातात रिमोट असता, तर त्या वर्षी त्यांनी तो प्रसंग वगळला असता. मीही वगळला असता. आपल्याला टोचणारे, लांबलेले, जुने झालेले सगळे बाजूला सारायची सोय आपण पैसे देऊन घेतली आहे. आणि नेमके तेच बाजूला सारल्यामुळे, पाहिलेले काहीच आपल्यात उतरत नाही.

एक शब्द, दोन अर्थ

भाषांतर करताना हिंदीतला 'नेमी' हा शब्द समोर आला असता, तर मी 'नियमित प्रेक्षक' असे लिहून पुढे गेले असते. आता तसे लिहवणार नाही. आपल्या मराठीत 'नेम' आहेच. एकादशीचा नेम, पारायणाचा नेम, वारीचा नेम. वारकरी दरवर्षी त्याच वाटेने, तेच अभंग म्हणत जातो. 'यंदा नवीन काय?' असे तो विचारत नाही. आणि नेमबाजाचा नेमही आहेच. नेम धरायचा, म्हणजे बाकी सगळे सोडून एकाकडे पाहायचे. दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत, हे मला तिथे प्रथम जाणवले. आज अमुक पाहायचे, हे ठरले, की बाकी हजार गोष्टी आपोआप गळून पडतात. त्यांचा मोह मारावा लागत नाही.

'वर्गणी' या शब्दाचेही तसेच आहे. गणपतीची वर्गणी आपण देतो, तेव्हा आपण आरतीला जातो, प्रसादाला हात लावतो, मांडव घालायला धावतो. तिथे पैसे हा सहभागाचा एक भाग असतो. करमणुकीच्या वर्गणीत पैसे सहभागाच्या जागी येतात. पैसे भरले, आता माझ्याकडून आणखी काही अपेक्षित नाही. आता समोरच्याने मला रिझवायचे. रामनगरच्या नेमीने एक रुपयाही भरला नव्हता, पण त्याने एकतीस संध्याकाळी दिल्या होत्या. मी सात महिन्यांचे पैसे दिले होते आणि एकही संध्याकाळ दिली नव्हती. समाधान कोणाला मिळाले, हे सांगायला हिशेब लागत नाही.

सारनाथ जवळच आहे

दुसऱ्या दिवशी आम्ही सारनाथला गेलो. काशीपासून जेमतेम दहा किलोमीटर. भगवान बुद्धांनी आपला पहिला उपदेश इथे केला. त्यात दुःखाचे कारण म्हणून त्यांनी तृष्णा सांगितली, आणि तिचे वर्णनही केले. ती कधी इथे तर कधी तिथे रमते आणि सतत नवे सुख धुंडाळत राहते. अडीच हजार वर्षांपूर्वी पडदे नव्हते, पण मनाची ही सरकत जाण्याची खोड तीच होती.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सुख घेणे म्हणजे तृष्णा नव्हे. चांगला चित्रपट पाहून डोळे भरून आले, तर त्यात दोष नाही. तृष्णा म्हणजे मिळालेले सुख हातात असताना पुढच्याकडे धावणे. म्हणूनच सेवांची संख्या वाढवून ती भागत नाही. चौथी सेवा घेतली, की पाचवीवर काय आहे ते दिसू लागते. आपली परंपरा ज्याला संतोष म्हणते, तो 'कमी मिळाले तरी चालेल' असा नाइलाज नाही. 'जे समोर आहे त्याला मी पूर्ण हजर आहे' अशी ती स्थिती आहे.

पण सगळ्यांना रामनगर कुठे मिळणार?

तुमच्या मनात आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. त्या आजोबांना संध्याकाळी मोकळ्या आहेत. बारा तासांची पाळी करून, दोन लोकल बदलून घरी येणाऱ्याने काय एकतीस दिवस उभे राहायचे? दिवसभर राबलेल्या गृहिणीने अर्धा तास एखादी हलकीफुलकी मालिका पाहिली, तर तिला तृष्णेवर प्रवचन द्यायचे का?

मुळीच नाही. माझी मावशीच याचे उत्तर आहे. काशीत राहून तिला पूर्वी मराठी चित्रपट पाहायला मिळत नसत. माहेरी आली, की दोन-तीन पाहून जायची. आता ती घरबसल्या पाहते. पण तिची पद्धत वेगळी आहे. दर रविवारी दुपारी एक, आधीच ठरवलेला. शेजारच्या दोन मराठी काकू येतात, पोहे होतात, संपल्यावर तासभर चर्चा चालते. एकच सेवा घेतलेली आहे. "बाकीच्यांवर चांगलं काही आलं तर?" असे मी विचारले, तर म्हणाली, "येऊ दे की. मला काय सगळी गंगा प्यायची आहे?"

आई सांगते, २५ जानेवारी १९८७ला दूरदर्शनवर रामायण सुरू झाले, तेव्हा वाड्यात एकच टीव्ही होता. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी. सगळे एकत्र पाहत आणि पुढचा आठवडाभर त्यावर बोलत. तेव्हाचे दिवस सोन्याचे होते, असे मला म्हणायचे नाही. एकच वाहिनी होती, निवड नव्हती आणि ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांची मर्जी सांभाळावी लागे. पण त्या मर्यादेने जे आपोआप दिले, ते आज आपल्याला समजून-उमजून स्वतःला द्यावे लागेल. पूर्वी बाहेरून बंधन होते. आता ते आतून घ्यायचे आहे. बाहेरून आले तर बंधन, आतून घेतले तर नेम.

एवढे करून पाहा

मोठे संकल्प टिकत नाहीत, हे मी स्वतःवरून सांगते. म्हणून लहान गोष्टी.

या महिन्याचा बँकेचा हिशेब उघडा आणि किती वर्गण्या आपोआप कापल्या जातात, ते वहीत लिहा. प्रत्येकीपुढे मागच्या महिन्यात खरोखर काय पाहिले, ते लिहा. जिथे जागा कोरी राहील, ती वर्गणी बंद करा. 'एवढे भरलेच आहेत, तर निदान पाहून तरी घेऊ' हा विचार आला, तर ओळखा, की गेलेल्या पैशांच्या मागे आपण उरलेला वेळही पाठवत आहोत.

एका वेळी एकच सेवा ठेवा. हवे तर दोन महिन्यांनी बदला.

पडदा लावण्याआधी काय पाहायचे ते ठरवा, जेवताना, एकमेकांशी बोलून. ठरले नाही, तर त्या दिवशी लावू नका. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून ठेवा. संपले, की दोन मिनिटे तसेच बसा.

आणि 'नंतर पाहू' या यादीत कोणा माणसाची इच्छा अडकली असेल, तर ती आधी बाहेर काढा.

हे शेवटचे मी का सांगते? काशीहून आल्यावर मी आजीच्या चित्रपटासाठी ती सेवा मुद्दाम पुन्हा घेतली. शोधला, तर तो तिथे नव्हता. या सेवांकडे बरेच चित्रपट ठरावीक मुदतीसाठी असतात आणि मुदत संपली, की ते निघून जातात. कोणी कळवत नाही. पण खरी अडचण वेगळीच होती. मधल्या काळात आजीची दृष्टी खूप मंदावली आहे. डॉक्टर म्हणतात, आता यापेक्षा सुधारणार नाही. चित्रपट मिळाला असता, तरी तिला तो दिसला नसता.

मी तिला जाऊन सांगितले, की माझ्यामुळे राहून गेले. ती रागावली नाही. म्हणाली, "बस इथे." आणि तिने मला तो सगळा चित्रपट सांगितला. मध्येच नायिकेचे नाव विसरली, दोन प्रसंग उलटसुलट झाले, एके ठिकाणी चित्रपट सोडून आजोबांनी मध्यंतरात आणलेल्या खाऱ्या दाण्यांच्या पुडीवरच बराच वेळ बोलत राहिली. जवळजवळ दोन तास लागले. मी उठले नाही.

आता दर गुरुवारी संध्याकाळी मी तिच्याजवळ बसते. ती सांगते किंवा मी वाचून दाखवते. गुरुवारी क्लासची वेळ बदलून घ्यावी लागली, एकदा परीक्षा आडवी आली, एकदा कंटाळाही आला. तरी बसते.

वाचकहो, तुमचा वार तुम्ही ठरवा.